ही ‘याबे’ नक्की कुठली? (प्लंबर, पूर आणि एक स्पॅनिश शब्द)

केतकी_केरेतारो | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, हसा, पण हसून झाल्यावर मदत करा.

मेक्सिकोत केरेतारोला येऊन सात महिने झाले. नवरा सकाळी सातला कारखान्यात जातो आणि मी घरी बसून मोबाइलवर स्पॅनिश शिकते. ‘माकड सफरचंद खातं’ हे मी आता झोपेतसुद्धा सांगू शकते. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात सिंकखालचा जोड गळायला लागला. प्लंबरला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं (आवाजाबरहुकूम लिहितेय):

‘स्येर्रे ला याबे. देखेमे ला याबे कोन एल बिखिलांते. यो येबो मी याबे.’

बिखिलांते म्हणजे गेटवरचा वॉचमन. स्येर्रे म्हणजे बंद करा. आणि याबे म्हणजे किल्ली, हे तर पहिल्याच धड्यात झालेलं. (लिहिताना सुरुवातीला दोन ‘एल’ येतात, इथं त्यांचा उच्चार य.) मी लावलेला अर्थ असा: कुलूप लावा, किल्ली वॉचमनकडे ठेवा, माझ्याकडे माझी किल्ली आहे. शेवटचं वाक्य जरा खटकलं. याच्याकडे आमच्या घराची किल्ली आली कुठून? आणि आहे तर माझी कशाला हवी? पण म्हटलं असेल सोसायटीची काहीतरी भानगड. कुलूप लावलं, किल्ली दिली, बाजारात गेले.

प्लंबर चारला येणार होता, सहाला आला. तोवर जोड पुरता सुटला होता. खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या दारात हातात ओलं पायपुसणं घेऊन उभ्या होत्या आणि सारखं तेच म्हणत होत्या, ‘ला याबे, सेन्योरा, ला याबे!’ मी त्यांना पर्समधली दुसरी किल्ली काढून दाखवली. त्यानंतरचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

तर प्रश्न: या एका शब्दाचे रोजच्या बोलण्यात किती अर्थ आहेत? आणि त्या निरोपातली तिसरी याबे कुठली?

---

बसलो_निवांत | रात्री ९:५२

किल्ली दाखवली :)) हसून हसून पुरेवाट. आजींना वाटलं असेल बाई घरच नावावर करून देतेय.

---

माद्रिदमुक्कामी | रात्री १०:१५

पहिली याबे म्हणजे पाण्याचा मुख्य कॉक. पूर्ण नाव ‘याबे दे पासो’. सिंकखाली किंवा बाहेर मीटरपाशी असतो. तो बंद करा, एवढंच तो सांगत होता.

तुमची चूक शब्दात नाही, ‘कोन’मध्ये झाली. कुलूप लावणे म्हणजे ‘सेर्रार कोन याबे’, किल्लीनं बंद करणे. ‘सेर्रार ला याबे’ म्हणजे याबेच बंद करणे, आणि दाराची किल्ली कशी बंद करणार? ती बंद करता येत नाही याचा अर्थच ती दाराची नाही. स्पॅनिश माणसाला हे विचार न करता कळतं.

बाकी स्पेनमध्ये साध्या नळाला कुणी याबे म्हणत नाही. ग्रिफो म्हणतात. मेक्सिकोतलं स्पॅनिश जरा सैल आहे, शिकायचंच असेल तर...

---

शेजारची_माई | रात्री १०:२१

हं, आलं ‘शुद्ध’. सदाशिव पेठ माद्रिदमध्येही असते हे आज समजलं. २०२०च्या जनगणनेत एकट्या मेक्सिकोत साडेबारा कोटींवर माणसं भरली, स्पेनमध्ये पाच कोटीही नाहीत. आता सैल कोण ते ठरवा. (हलकेच घ्या.)

---

लिमाचा_वाटसरू | रात्री ११:०३

माईंशी सहमत. आणि माद्रिदकर, तुमच्या त्या शुद्ध ग्रिफोनं माझी काय अवस्था केली ते ऐका.

मी स्पॅनिश स्पेनच्या पुस्तकातून शिकलो आणि नोकरी मिळाली पेरूत. लिमातल्या भाड्याच्या घरात नळ बिघडला. घरमालकाला फोन केला, ‘ग्रिफो चालत नाही, पाणी येत नाही.’ तो म्हणाला, मग पुढच्या चौकातल्या ग्रिफोवर जा. मला वाटलं सार्वजनिक नळ असेल. बादली घेऊन गेलो. तिथे पेट्रोल पंप. पेरूत ग्रिफो म्हणजे पेट्रोल पंप! घरातल्या नळाला तिथे कान्यो म्हणतात. मी बादली घेऊन उभा आणि समोर पेट्रोल भरणारा पोरगा विचारतोय, कितीचं टाकू?

चिलीत ग्रिफो म्हणजे रस्त्यावरचा आगीच्या बंबासाठीचा नळ. अर्जेंटिनात नळाला कानिया म्हणतात, आणि तोच शब्द स्पेनमध्ये नडगीच्या हाडाला. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नळ म्हणजे प्लुमा, जिचा एरवी अर्थ पीस नाहीतर लेखणी. एका नळाची एवढी नाटकं.

त्यामानाने याबे बरी. ती कुठेही फिरवायचीच असते.

---

बसलो_निवांत | रात्री ११:०९

बादली घेऊन पेट्रोल पंपावर =)) हा धागा वाचनखूणेत.

---

पानापक्कड | रात्री ११:३४

तिसरी याबे म्हणजे पाना. ‘यो येबो मी याबे’ = माझा पाना मी घेऊन येतो. सोपं होतं.

मी तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली चार स्पॅनिश कंपनीच्या मशिनी बसवण्यात. तिकडे पान्यांना सरसकट याबे. नटाचा पाना, ॲलन की, पाइप पाना, सगळ्या याबेच. ज्याला आपण स्क्रू पाना म्हणतो, जबडा कमीजास्त करता येतो तो, त्याला ‘याबे इंग्लेसा’ म्हणजे इंग्रजी याबे. मेक्सिकोत तोच पेरिको होतो, पोपट. चोच बघा त्याची, पटेल.

---

सातपुडा_ते_सांगली | बुधवार, सकाळी ७:१२

केतकीताई, तुम्ही पुण्या-मुंबईकडच्या दिसता. आमच्याकडच्या असतात तर फसला नसता.

आमच्या गावात नळाला नळ कोण म्हणायचं? चावी. कोपऱ्यावर सिमेंटचा खांब, त्याला पितळी चावी, खाली फरशी घागरींनी घासून खोलगट झालेली. ‘चावीला पाणी आलं’ अशी आरोळी उठली की बायका हातातलं पीठ तसंच घेऊन पळायच्या. आजी ओरडायची, ‘चावी नीट बंद कर रं, थेंब थेंब जातंय.’ तिच्या कमरेला दुसरी चावी असायची, कपाटाची. दोन्ही चाव्याच. आयुष्यात एकदाही तिचा घोटाळा झाला नाही.

घोटाळा झाला तो माझ्या बायकोचा. ती ठाण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेली तेव्हा आई म्हणाली, ‘जाताना चावी बंद करून जा गं.’ ही बराच वेळ अंगणात उभी. मग मला हळूच विचारते, चावी बंद कशी करतात?

तुमचा प्लंबर आणि माझी आई एकच भाषा बोलतात बघा.

---

शेजारची_माई | सकाळी ७:४०

वा! धाग्याचं सार्थक झालं.

---

मांडवीकाठी | सकाळी ९:२८

सांगलीकर, तुमची आई आणि तो प्लंबर खरंच एक भाषा बोलतात. गंमत नाही करत मी.

आपली चावी पोर्तुगीजांकडून आली. पोर्तुगीजमधला किल्लीचा शब्द आज ऐकलात तर शाव असा काहीसा ऐकू येईल, पण लिहिताना सुरुवातीला सी-एच. लॅटिनमध्ये मूळ शब्द क्लाविस. लॅटिनमधल्या शब्दारंभीच्या ‘क्ल’, ‘प्ल’, ‘फ्ल’चं स्पॅनिशमध्ये झालं डबल एल आणि पोर्तुगीजमध्ये सी-एच. एकदा हे कळलं की जोड्या भराभर सापडतात: बोलावणे म्हणजे यामार आणि शामार, पाऊस म्हणजे युबिया आणि शूवा, भरलेला म्हणजे येनो आणि शेयु, ज्योत म्हणजे यामा आणि शामा. तशीच याबे आणि शाव. सख्ख्या बहिणी.

मग आपण शावी का म्हणत नाही? कारण पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले तेव्हा त्यांचा तो सी-एच ‘च’च होता. त्याचा ‘श’ नंतर झाला. लिस्बननं उच्चार बदलला, आपण जुनाच जपून ठेवला. सांगलीच्या आजीच्या कमरेला सोळाव्या शतकातला पोर्तुगीज ‘च’ लटकत होता.

आणि पोर्तुगीजमध्येसुद्धा पान्याला शावच म्हणतात. स्क्रू ड्रायव्हरलाही.

---

शुद्धमराठी_आग्रही | सकाळी १०:०५

म्हणूनच मी किल्ली म्हणतो. परक्यांच्या चाव्या आपल्या कुलपांना कशाला?

---

मांडवीकाठी | सकाळी १०:११

खुशाल म्हणा. पण मग दाराची बिजागरीही काढून ठेवा, तीही पोर्तुगीज. आणि घमेलं, बादली, पिंप आणि महिन्याचा पगार.

---

बसलो_निवांत | सकाळी १०:१३

पाव-बटाटा राहिला. पोर्तुगीजांचा विषय निघाला आणि पाव-बटाटा आला नाही असं होऊ देऊ नका, धाग्याला दोष लागतो.

---

पानापक्कड | सकाळी १०:५०

मांडवीताई, बिजागरी स्पॅनिशमध्येही बिसाग्राच आहे. त्या मशिनीच्या कागदांत वाचून मी चाटच पडलो होतो. दक्षिण अमेरिकेतले फिटर बादलीला बाल्दे म्हणायचे. मी मराठीत मागितली तरी मिळायची.

---

शाहूपुरीचा_गडी | दुपारी १२:३०

सगळे नळाखालीच बसलेत. आखाड्यात या की जरा.

मेक्सिकोत कुस्तीचा तो मुखवटेवाला प्रकार आहे ना, लुचा लिब्रे, त्यात डावाला याबे म्हणतात. हात पिरगाळून धरला, पाय अडकवला, मान आवळली, सगळ्या याबे. त्यातून सुटायची तोड म्हणजे कोंत्रायाबे. १९३३ मध्ये साल्वादोर लुत्तेरोत यांनी त्या कुस्तीची कंपनी काढली, ती अजून चालू आहे. मेक्सिको सिटीतलं अरेना मेहिको हे त्यांचं खासबाग समजा. एल सांतो म्हणून चंदेरी मुखवट्याचा मल्ल होऊन गेला, त्याची याबे प्रसिद्ध होती: गड्याला पालथा पाडायचा, पाठीवर बसायचं, हनुवटीखाली दोन्ही हात घालून मान मागं ओढायची. नाव ‘ला दे आ काबायो’, म्हणजे घोड्यावरची.

आता मजा बघा. आपण काय म्हणतो? डावपेच. पेच म्हणजे स्क्रूसुद्धा. पतंगाची काटाकाटी म्हणजेही पेच, आणि माणूस अडचणीत सापडला तरी पेचात. त्यांनी अंगाला किल्ली लावली, आपण स्क्रू पिळला. हत्यारपेटी एकच.

---

पानापक्कड | दुपारी १२:४४

+१. पेच आणि पाना एकाच धाग्यात आले, माझा दिवस सत्कारणी लागला.

---

अर्धविराम | दुपारी २:१८

माझी पण एक जखम.

ग्वादालाहाराच्या टीमबरोबर काम करायचो. एकदा प्रोग्रॅम चालेना. तिकडच्या सहकाऱ्यानं पाहिलं आणि चॅटवर लिहिलं, ‘ते फाल्ता उना याबे.’ तुझी एक याबे कमी आहे. मला वाटलं एपीआयची की, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमशी जोडायला लागणारा गुप्त कोड. अर्धा दिवस परवानग्या मागत हिंडलो, तीन जणांना मेल, एकाला फोन. संध्याकाळी त्यानंच स्क्रीनवर बोट ठेवलं. एकशे सत्तावन्नाव्या ओळीवर महिरपी कंस बंद केलेला नव्हता.

स्पॅनिशमध्ये महिरपी कंसाला याबे म्हणतात. साधे कंस पारेंतेसिस, चौकोनी ते कोर्चेते. आता कोर्चेते म्हणजे ब्लाउजचा हूकही, आणि चिलीत स्टेपलरची पिन. पण तो वेगळा धागा होईल.

सगळ्यांनी लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे इंग्रजीत ज्याला ज्याला की म्हणतात ते सगळं याबे नव्हे. कीबोर्डवरचं बटण तेक्ला. पियानोची पट्टीही तेक्लाच. क्लॅरिनेट-बासरीवरच्या धातूच्या झाकणांना मात्र याबे, कारण ती भोकं उघडझाप करतात.

---

शेजारची_माई | दुपारी २:३१

मग वायफायचा पासवर्ड? आमच्या सुनेची कोलंबियाची मैत्रीण आली होती, ती ‘क्लाबे’ विचारत होती.

---

मांडवीकाठी | दुपारी ३:०२

क्लाबे हीसुद्धा त्याच क्लाविसची लेक, पण शिकलेली. याबे पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडातून घासत आली, म्हणून ‘क्ल’ झिजला. क्लाबे पुस्तकातून आली, म्हणून ‘क्ल’ शाबूत. दारं-नळ-पाने याबेकडे, सांकेतिक लिपी, संगीतातल्या पाच रेघांच्या सुरुवातीची खूण आणि पासवर्ड क्लाबेकडे. आपल्याकडे काम आणि कर्म आहे ना, तसंच.

---

बुएनोसची_बाय | दुपारी ३:४०

इथं अर्जेंटिनात तर याबे कुणी म्हणतच नाही हो. शाबे! बुएनोस आयरेसचा डबल एल म्हणजे ‘श’. मांडवीताईंच्या पोर्तुगीज बहिणीच्या मांडीला मांडी लावून बसलो आम्ही. लाइटच्या बटणालासुद्धा शाबे दे लुस. मी नवीन असताना घरमालकीण म्हणाली ‘बाहेर जाताना शाबे बंद करा’, आणि मी तिघं-चौघं संशयित समोर ठेवून दारात उभी: कुलूप, गॅस, लाइट, पाणी. सगळंच बंद केलं. फ्रिजमधलं दूध नासलं.

---

पेन्शनीत_मजेत | सायंकाळी ५:१५

पासष्टाव्या वर्षी स्पॅनिशचा वर्ग लावला आहे. अप्पा बळवंत चौकातून जुना शब्दकोश आणला, त्यात हा शब्द ‘लि’ आणि ‘लो’च्या मध्ये शोधून शोधून थकलो. नाहीच. वाटलं पानं फाटली असतील. मास्तरीणबाई वय वर्षं चोवीस, त्यांनाही उलगडेना.

शेवटी ‘एल’चा विभाग पूर्ण संपल्यावर पुढं सापडला. पूर्वी डबल एल हे स्वतंत्र अक्षर धरत. १९९४ साली सगळ्या देशांच्या भाषा अकादमींनी मिळून शब्दकोशातला तो वेगळा विभाग मोडला, आणि २०१० मध्ये ते अक्षर वर्णमालेतूनच गेलं. आता २७ अक्षरं उरली. माझा कोश त्याआधीचा. आपल्याकडे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठं शोधायचे यावर घरोघरी वाद आहेतच, त्यामुळे परकं काही वाटलं नाही.

एक विचारायचं आहे. घड्याळाला चावी देणे, यालाही याबेच का? आमच्या भिंतीवर वडिलांचं घड्याळ आहे, दर रविवारी चावी देतो. वर्गात सांगायचं आहे.

---

माद्रिदमुक्कामी | सायंकाळी ५:५०

नाही काका, तिथे शब्द बदलतो. ‘दार क्वेर्दा’ म्हणतात, म्हणजे दोरी देणे. जी धातूची किल्ली भोकात घालून फिरवता ती वस्तू याबे, पण क्रिया दोरीची.

आणि माईंना: काल मी घाईत बोललो, खरंय. स्पेनमध्येही गॅसची याबे आणि पाण्याची याबे दे पासो म्हणतातच. फक्त वॉशबेसिनच्या नळापाशी येऊन आम्ही ग्रिफो झालो. म्हणजे मेक्सिकोनं काही सैल केलेलं नाही.

---

शेजारची_माई | सायंकाळी ६:०२

मोठ्या मनाचे हो तुम्ही. सदाशिव पेठ मागे घेते.

---

सातपुडा_ते_सांगली | सायंकाळी ६:४५

मला एक कळत नाही. आपण सगळे याबे शिकलो ती इंग्रजी ‘की’वरून. ‘की’ला नळ माहीत नाही, पाना माहीत नाही, म्हणून अडकलो. ॲपनं ‘याबे म्हणजे चावी’ एवढंच सांगितलं असतं, आणि ती चावी माझ्या आईची धरली असती, तर निम्मं स्पॅनिश आधीच येत होतं की.

---

अर्धविराम | सायंकाळी ६:५८

महिरपी कंस तरी राहिलाच असता.

---

बारांकियाची_हवा | सायंकाळी ७:२०

उशिरा आलो. कोलंबियाच्या किनाऱ्यावर याबे म्हणजे दोस्त. ‘के मास, मी याबे?’ म्हणजे काय रे मित्रा, कसं काय. पहिल्या आठवड्यात फळवाल्यानं असं विचारलं आणि मी खिसे चाचपले.

---

केतकी_केरेतारो | गुरुवार, सकाळी ८:०५

किती लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो सोलापूरचा. म्हणाला, आमच्याकडेही चावीच म्हणतात, तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आता सांगतोय.

पानापक्कडकाका, तुमचं बरोबर. प्लंबर काल पुन्हा आला होता. मी धीर करून विचारलं, तुमच्या निरोपात तीन याबे होत्या, कुठली कुठली? त्यानं आधी सिंकखाली वाकून कॉककडे बोट दाखवलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे, आणि मग पिशवीतून लाल दांड्याचा हातभर लांब पाइप पाना काढून ओट्यावर ठेवला. वर म्हणाला, यात अवघड काय आहे?

खालच्या आजींना काल गाजराचा हलवा दिला. छताला डाग पडलाय, पण बोलायला लागल्या आहेत.

फक्त आत्ता सकाळी त्याचा नवा निरोप आलाय: ‘से बार्रियो ला रोस्का.’ बार्रेर म्हणजे झाडणे, हे माझ्या धड्यात आहे. रोस्का म्हणजे ६ जानेवारीला इथं कापतात तो गोल गोड पाव, ज्यात छोटं बाळ लपवतात आणि ज्याच्या वाट्याला ते येतं त्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खाऊ घालायचे. त्याचा पाव कुणी झाडला आणि मला का सांगतोय?

---

पानापक्कड | सकाळी ८:११

आटे झिजलेत. नवीन चावी आणा.

दाराची नव्हे.